रांगेतली वहिनी

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या दिराने कामावरून काढलं, ते अगदी गोड बोलून. म्हणाला, "वहिनी, खूप केलंत. आता तुम्ही आराम करा." मी तिथे असते तर आराम म्हणजे काय ते त्याला कात्री दाखवून समजावलं असतं. पण मी समोरच्या फुटपाथवर माझ्या दुकानात कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसले होते. ताई "बरं" म्हणाली, ॲप्रन काढला, घडी घालून खिडकीत ठेवला आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. रडली नाही. पाणी मागितलं.  मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

ती गाडी, म्हणजे तो फूड ट्रक, ताईच्या नवऱ्याने उभा केला होता. आमचे दाजी वेल्डर. कुठूनशी एक जुनी टपालाची व्हॅन आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी तिची एक बाजू कापली, खिडकी केली, आत शेगड्या बसवल्या. परवाना मात्र धाकट्या भावाच्या नावावर काढला, कारण त्याला सगळे बिनकामाचा म्हणून हिणवायचे आणि दाजींना वाटलं, नावावर काही असलं की तो सुधारेल. सुधारला. दाजी अचानक गेले आणि वर्ष सरायच्या आत त्याच्या लक्षात आलं की आपण मालक आहोत.

आता ताईचं काम काय होतं ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या चौकाभोवती बँका, विम्याची कचेरी आणि एक मोठा दवाखाना. जेवणाची सुट्टी झाली की हे सगळं एकदम रस्त्यावर सांडतं आणि गाडीसमोरची रांग बघता बघता बस स्टॉप ओलांडून कोपऱ्यापलीकडे वळते. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाचं पोट रिकामं. खिडकीशी पोचल्यावर प्रत्येकजण फळ्याकडे बघत विचार करत बसला तर अर्धी रांग उपाशीच परत जाईल. म्हणून ताई रांगेतून चालायची. कागद नाही, पेन नाही. समोरच्याने सांगायचं, अंड्याचा रोल, कांदा नको, किंवा चिकनचा, तिखट जास्त. ताई मान हलवायची आणि पुढे जायची. थोड्या थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन सगळं आत सांगायची. ताईने मान हलवली म्हणजे तुमचा रोल तव्यावर पडला, एवढा त्या रांगेचा तिच्यावर भरवसा. खिडकीशी पोचलात की गरम पुडी तयार. दीर आतून वहिनी, वहिनी हाका मारायचा, म्हणून ती अख्ख्या रांगेची वहिनी झाली. निवृत्तीला आलेले बँकेचे साहेबसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे.

दिराला हे सगळं नुसतं इकडून तिकडे फिरणं वाटलं. त्याने तिच्या जागी क्यूआर कोडची एक पाटी लावली. पाटीसमोर फोन धरा, दाबा, आपली ऑर्डर आपणच द्या. वहिनी हवी कशाला?

मी मुळातच खुनशी आहे. लहानपणी माझी बाहुली मोडणाऱ्या मुलीशी मी आजही बोलत नाही. त्यामुळे मी ताईपुढे एकेक बेत मांडला. टायरची हवा सोडू. स्वच्छता खात्याला कळवू. नातेवाइकांत त्याची अशी अब्रू काढू की त्याला कुणी दारात उभं करणार नाही. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या मी तिथे जेवायला जाणार आहे." मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. माझी ताई सभ्य आहे, आणि सभ्य माणूस सूड घ्यायला निघाला की काय करतो ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी दुकानाच्या काचेला नाक लावून बघत होते. पुढचा माणूस मागे वळला, त्याला ताई दिसली, आणि त्याने सवयीने सांगून टाकलं, एक मशरूमचा, सॉस कमी. ताईने मान हलवली. त्याने फोन खिशात ठेवला. मग मागच्या दोघींनी सांगितलं. ताईने मान हलवली. मग ती पाय मोकळे करायला निघाल्यासारखी रांगेच्या कडेने पुढे गेली आणि पाटीकडे धरलेले फोन एकामागून एक खाली आले. ती एक अक्षर बोलली नाही. कुणालाही खोटं सांगितलं नाही. नुसती मान हलवत गेली.

मग खिडकीशी जी मजा झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिला माणूस हात पुढे करून उभा. दीर विचारतो, काय हवंय. तो म्हणतो, वहिनींना सांगितलंय की. दुसरा तेच, तिसरी तेच. तवा मोकळा आणि खिडकीशी झुंबड. मागचे ओरडायला लागले, पुढचे हटेनात, सुट्टी संपत आली तशी माणसं शिव्या देत पांगली. दिराच्या तोंडचं पाणी पळालं. मी इतकी हसले की हातातल्या कोटाची शिवण वाकडी गेली आणि ती उसवून पुन्हा घालावी लागली. त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढच्या दिवशीही तेच झालं. माणसं शिकलेली असोत नाहीतर नसोत, भूक लागली की सवयीने वागतात. या वेळी मात्र दिराच्या लक्षात आलं आणि तो हातातलं उलथणं घेऊनच खाली उतरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय."

"मी रांगेत उभी आहे, भावोजी," ताई म्हणाली. "रस्त्यावर उभं राहायला कुणाचा परवाना लागतो?"

मी काचेआडून टाळ्या वाजवल्या. पण त्याच दिवशी आमच्या सुडाला ठेच लागली. दवाखान्यातली एक सिस्टर रांगेत होती. सकाळपासून ड्युटीवर उभी, पाय सुजलेले, पुन्हा रात्रीपर्यंत काम. ती खिडकीशी पोचली तेव्हा तिची सुट्टी संपली होती. जाताना ती ताईपाशी थांबली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्ही मान हलवलीत."

ताईचा चेहरा उतरला. दुकानात येऊन ती स्टुलावर बसली. मी म्हटलं, युद्धात असं व्हायचंच, तो माणूस रडकुंडीला आलाय, आता माघार घेऊ नकोस. ती माझ्यावर उखडली. म्हणाली की तिची मान हीच तिची अब्रू होती आणि ती तिने त्या माणसापायी घालवली. त्याला उपाशी मारायचं होतं, सिस्टरला नाही.  पण ती सूड सोडत नाहीये एवढं मला तिच्या आवाजावरून कळलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गाडी उभी असायची. सूप आणि भाजलेला पाव. तिचा मालक म्हातारा, अबोल, आणि चेहरा असा की त्याला सगळे सुतकी म्हणायचे. खिडकी उघडून तो आत वर्तमानपत्र वाचत बसे. गिऱ्हाईक आलंच तर आपली झोपमोड केल्यासारखा बघे. ताई त्याच्याकडे गेली आणि तिने विचारलं, तुम्हाला रोल करता येतात का. तो म्हणाला, येतात, पण कुणी मागितले नाहीत. रविवारी दोघांनी मिळून तवा लावला. संध्याकाळी ताईने मला चव घ्यायला बोलावलं. रोल दिराच्यापेक्षा चांगले होते असं मी म्हणणार नाही. खरं म्हणजे होते.

सोमवारी दिराच्या गाडीवर नवी पाटी, मोठ्या अक्षरांत. वहिनी इथे काम करत नाहीत. एवढा मोठा मूर्खपणा त्याने आयुष्यात केला नसेल. तोवर लोकांनी काही विचारलं नव्हतं, आता अख्खी रांग विचारायला लागली, का हो वहिनी, काय झालं? ताई हळू आवाजात म्हणायची, "नवरा गेला आणि गाडीत मला जागा पुरेना." एवढंच. मग विचारायची, तुम्हाला काय देऊ? आणि मान हलवायची. या वेळी ती खरोखर जाऊन सांगून यायची, फक्त दुसऱ्या टोकाच्या गाडीला. पहिली पुडी तिने स्वतः नेऊन दिली ती सिस्टरला, रांगेतच, हातात. बाकीच्यांना म्हणाली, तिकडे या, तयार आहे.

रांग आधी मधूनच तुटली. मग शेपूट तिकडे वळलं, मग पोट. आठवडाभरात दिराच्या खिडकीसमोर फक्त पाटी उरली, आणि तिच्यासमोर फोन धरायला कुणी नाही. सुतकी चक्क हसताना दिसला असं विम्याच्या कचेरीतले लोक सांगतात, मी काही पाहिलं नाही. मी दुसरीकडे बघत होते. दीर रिकाम्या खिडकीत कोपर टेकून बसायचा आणि मी माझ्या काचेतून त्याच्याकडे बघत दुपारचं जेवण जेवायचे. इतकं गोड जेवण मला कधी लागलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी तो आला. गाडीची खिडकी ओढून, रस्ता पार करून सुतकीच्या रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. मी दुकान तसंच टाकून धावले, कारण हे काचेतून बघण्यासारखं नव्हतं. ताई रांगेतून येत होती. त्याच्या पुढच्या बाईला तिने विचारलं. मग त्याच्यावरून नजरही न फिरवता मागच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, परत चला. पाटी काढतो." ती पुढे गेली. पुन्हा फेरी, पुन्हा तेच. रांग पुढे सरकत होती, माणसं त्याला ओलांडून खिडकीशी जात होती आणि तो तिथेच, कारण ताईने मान हलवल्याशिवाय त्या रांगेत कुणाला काही मिळत नाही. सगळी सुट्टी तो उभा राहिला. शेवटी सुतकीने खिडकी लावली. दीर खाली मान घालून परत गेला, उपाशी.

मी ताईला दुकानात ओढतच आणलं. मला नाचावंसं वाटत होतं. म्हटलं, झालं, फिटलं, दाजी असते तर त्यांनीही तुझी पाठ थोपटली असती. ताई स्टुलावर बसली आणि या सगळ्यात पहिल्यांदा रडली.

"मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते," ती म्हणाली. "जाताना पाठमोरा दिसला. एका पायावर भार टाकून, एक खांदा पाडून. हे अगदी तसेच उभे राहायचे गं."

 मी तिला पाणी दिलं. मग विचारलं, तो उद्या पुन्हा आला तर काय करशील.

तिने बाहीने डोळे पुसले.

"उद्याही काही देणार नाही त्याला," ती म्हणाली. "पण त्याने यावं."