अंगण तेच, रांगोळी रोजची

आमच्या साडूंइतका ओशाळणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमडापूरला त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. माणसं चूक झाली की ओशाळतात, साडू चूक व्हायच्या आधीपासून ओशाळलेले असतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडला, तर वऱ्हाड निघेपर्यंत ते आहेराचा नारळ छातीशी धरून उभे होते. एकदा चिखलीहून येताना एसटीत डुलकी लागली आणि त्यांचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलं. जाग येताच ते पुढच्या थांब्यावर उतरले आणि उरलेली वाट चालत आले. तो शेजारी त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता. वस्तूवर डाग पडला तरी त्यांना तो स्वतःच्या अंगावर पडल्यासारखा वाटतो. त्यामुळे घरातला टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी कापडी खोळीत असते. सोफ्यावर खोळ, खोळीवर चादर, चादरीवर पाहुणा. सोफ्याचा रंग कोणता, हे विकणाऱ्या दुकानदारालाच ठाऊक असावं.

अशा माणसाने पोरांच्या हाती कॉम्प्युटर देण्याचा धंदा का निवडला, याचा खुलासा मला कधी मिळाला नाही. सुरुवातीची वर्षं त्यांनी फार सोसलं. पोरं पडद्यावर नटांचे फोटो लावत, कुठून कुठून व्हायरस आणत, नको ते पुसून टाकत आणि साडू पालकांसमोर मान खाली घालून उभे राहत. मग त्यांना एक युक्ती सापडली. सगळ्या प्रोग्रॅमसकट डिस्कची एक स्वच्छ प्रत तयार करायची आणि तिला कुलूप घालायचं. ती फक्त वाचता येईल, तिच्यावर लिहिता येणार नाही. क्लासमधली सगळी मशीनं त्या एकाच प्रतीवर चालतील. कुणी काही बदललं, तर बदललेला तेवढाच तुकडा वर एका तात्पुरत्या थरात लिहिला जाईल. बसणाऱ्याला वाटेल, सगळं बदललं. खाली मूळ प्रत जशीच्या तशी. रविवारी संध्याकाळी साडू सगळ्या मशीनवरचे थर टाकून देत आणि सोमवारी क्लास पुन्हा कोरा करकरीत उघडे.

मी एकदा त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. एका पोराने विचारलं, "सर, म्या आख्खी विंडोजच उडवली तं?"

"उडव ना बे! काऊन भेतं?" साडू म्हणाले. असा बेफिकीर चेहरा मी त्यांचा इतरत्र पाहिलेला नाही. "अंगण तेच राह्यते, रांगोळी रोजची. सकाळी झाडू मारला का अंगण कोरं. मूळ प्रत म्हणजे अंगण. तुमी करता ते सारं रांगोळी."

हळूहळू ही युक्ती क्लासच्या बाहेर पडली. शेजाऱ्याशी भांडण झालं की साडू आठवड्याच्या शेवटी त्याला चहाला बोलावत. "ते वरच्या थरात होतं," ते सांगत, "रविवारी टाकून देलं." शेजाऱ्याला यातलं काही कळत नसे, पण चहा चांगला असे. ताई, म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "यायच्या मूळ कॉपीत मी तरी आहो का, विचार बरं एकदा."

ताईंची रांगोळी गावात प्रसिद्ध होती. कासव, मोर, वेलीत गुंतलेली वेल, सगळं ठिपक्यांवरून आणि सगळं डोक्यात. कागदावर त्यांनी कधी काही उतरवलं नाही. अलीकडे त्यांचा हात कापू लागला. चिमटीतून रेघ सरळ सुटेना. गेल्या दिवाळीत क्लासला सुटी लागली, तेव्हा त्या रोज दुपारी कोपऱ्यातल्या मशीनवर बसू लागल्या. माऊसवर दोन्ही हात ठेवून त्या एकेक रांगोळी काढत होत्या. हात हलला तर रेघ खोडून पुन्हा ओढता येते, हे त्यांना फार आवडलं होतं. प्रत्येक चित्र त्या सेव्ह करत आणि कॉम्प्युटर "झालं" म्हणून सांगे. सुटी असल्यामुळे साडूंची रविवारची झाडलोट बंद होती.

भाऊबिजेनंतर मी आणि बायको अमडापूरला गेलो. क्लास उघडायच्या आदल्या दिवशी साडू मला त्यांची युक्ती दाखवू लागले. योगायोगाने ते कोपऱ्यातल्याच मशीनवर बसले. त्यांनी एकामागून एक फोल्डर पुसले, पडदा उलटा केला, मग थर टाकून देऊन मशीन पुन्हा चालू केलं. "पाहा भाऊ! काही झालंच नाही!" ते आनंदाने म्हणाले.

ताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवले. "माह्या रांगोळ्या होत्या त्यात," त्या म्हणाल्या.

"कोनत्या?"

"साऱ्याच. म्या सेव्ह केल्या होत्या."

"अवं, पेन ड्राइव्हवर घ्या लागते. पोरायले पह्यल्याच दिवशी सांगतो मी."

"मले कुठं सांगतलं?"

ताईंनी साडूंपुढे कप सरकवला. "घ्या चहा. रांगोळीच होती, झाडल्या गेली. तुमीच तं शिकवता."

टाकलेला थर शोधण्याचा साडूंनी खूप प्रयत्न केला. हाती आले ते अर्धवट तुकडे, एकही चित्र उघडलं नाही. परतताना ते आम्हाला स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साऱ्या गावाच्या पोरायले सांगतलं, भाऊ. तिच्यापाशी ठेवासारखं काही असंल, हे मले सुचलंच नाही." त्यानंतर अनेक रविवार गेले. हे वाक्य ते मला फोनवर अजूनही सांगतात, दर वेळी नव्याने ओशाळून.

कोपऱ्यातल्या मशीनला आता स्वतःची डिस्क आहे आणि तिच्यावरचं काहीच टाकलं जात नाही. रोज सकाळी क्लासच्या दारात साडू उकिडवे बसून रांगोळी काढतात. ताई पायरीवर बसून ठिपके सांगतात. रेघ जाड पडते, वेल भलतीकडे जाते. पोरं सायकली थांबवून विचारतात, "सर, हा कोन्या जिल्ह्याचा नकाशा व्हय?" साडूंचे कान लाल होतात. ते पुसायला हात नेतात.

"पुसू नका," ताई म्हणतात. "राहू द्या तसंच." मग त्या वाकड्या रांगोळीचा फोटो कोपऱ्यातल्या मशीनमध्ये जातो.

परवा मी गेलो, तेव्हा कासवाची रांगोळी चालली होती. पाठीवरची जाळी जमली होती. "पाय कुठून काढू?" साडूंनी विचारलं. ताईंनी बोटाने ठिपके दोनदा मोजले. "मशीनवर बराबर आले होते," त्या म्हणाल्या. "आता नाही आठवत."

साडूंनी चिमटीतली रांगोळी डब्यात परत टाकली. बिनपायांचं कासव दारात तसंच राहिलं. त्याच्या शेजारी उभं राहून साडू येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगत होते, "हे म्या काढलं. पाय राह्यले. जरा बाजूनं या."