झाकणावरचं कुंकू

दसऱ्याला धुतलेल्या गाडीशी वाकले, की पेट्रोल आणि ओल्या कुंकवाचा वास एकत्र येतो आणि मला मोताळा-नांदुरा रस्ता आठवतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याचा दुसरा दिवस. अकोल्याला माझी नोकरीची मुलाखत होती, नांदुऱ्याहून रेल्वे गाठायची होती आणि मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली होती. नवऱ्याने प्लग पुसला, पेट्रोलची नळी काढली. चार थेंब पडून धार थांबली.

"टाकी तं भरेल हाय. मंग पेट्रोल काऊन येऊन नाही राह्यलं?"

"तुम्ही नळी फुकत बसा. तिकडे रेल्वे जाऊन राह्यली."

वैतागून मीच टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि नळीतून धार लागली. झाकणातलं हवेचं भोक कुंकू वाळून बुजलं होतं. ते कुंकू पूजेत मीच लावलं होतं, तेही सढळ हाताने. मी पाठ फिरवून केसातल्या पिनेने भोक मोकळं केलं आणि झाकण परत लावलं. रेल्वे मिळाली, नोकरीही मिळाली.

"गाडी हिनंच दुरुस्त केली," असं तो अजून पाहुण्यांना सांगतो. बिघडवली कोणी, हे मी कधी सांगितलं नाही.

आज ताट घेऊन त्याच गाडीशी वाकले, तर मागून तो म्हणाला, "झाकण सोडून लाव बरं."