मुनेव्वेरचे गालिचे

तुर्कस्तानातल्या दात्च्याला येणारे पाहुणे पवनचक्क्या बघतात, प्राचीन निदोस नगराचे पडके खांब बघतात आणि शेवटी मुनेव्वेरच्या खाडीत येऊन पसरतात. खाडी काही तिच्या मालकीची नव्हती. कुणाचीच नव्हती, आणि तिचं म्हणणं नेमकं तेच होतं.

दर उन्हाळ्यात घरातले गालिचे हातगाडीवर घालून ती तिथे न्यायची आणि खाऱ्या पाण्यात धोपटायची. मग वर्षभर कसर लागत नाही. आई हेच करी, सासूही हेच करी. यंदा गाडी अडली ती किनाऱ्यावर नव्यानं रोवलेल्या खांबांना बांधलेल्या जाड दोरीपाशी. पलीकडे छत्र्या, आरामखुर्च्या आणि तोल्गा. शेजारच्या नाझमियेचा मुलगा, वय चाळीस, नव्या हॉटेलात मॅनेजर.

"मावशी, इथं आता धुता येणार नाही."

"का रे? समुद्र आटला?"

"हॉटेलनं जागा घेतलीय."

"खुर्च्या मांडायला घेतली असेल. पाणी कुणी विकलं तुम्हाला?"

"लोक पैसे भरून येतात, मावशी. त्यांना हे बघायला लावू?"

"तुझी दुपटी तुझ्या आईनं याच दगडावर धुतली. मी शेजारीच बसले होते, नाक धरून. त्याचे पैसे कुणी भरले मला?"

अंकाराहून आलेली एक बाई खुर्चीत फिसकन हसली. तोल्गाचे कान लाल झाले. "मी पोलिसांना बोलावतो."

"बोलाव की. एक टोक धरायला होतील. ओला गालिचा एकटीला पिळवत नाही."

आज आपण मागे फिरलो तर पुढल्या वर्षी गावातली कुणी इथं फिरकणारसुद्धा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोरीखालून वाकून ती सलवारीसकट गुडघाभर पाण्यात शिरली. धोपटण्याचा आवाज खाडीभर घुमला. पहिला गालिचा निथळला तो तिनं सरळ हॉटेलच्या दोरीवरच टाकला. दोरी वाकली, पण तुटली नाही.

तोल्गानं पोलिसांना नाही, आईला फोन लावला. "ये आणि हिला समजाव. तुझं तरी ऐकेल."

नाझमिये आली. धापा टाकत, घामाघूम होत, हातगाडी ढकलत. गाडीवर तिचे स्वतःचे गालिचे होते.

"सरक गं जरा," ती मुनेव्वेरला म्हणाली, "सगळी दोरी तूच अडवलीस." मग लेकाकडे वळली. "तू काय बघत उभा राहिलायस? बूट काढ आणि टोक धर."