आवणीतली कोरी बोटं

...न्हाई ग लीला, खोड त्ये. 'थोर बाई' बिर काय लिवू नगंस. थोर म्हनलं की मानसं वाचायचं सोडत्यात. लिव की झुंबरबाई लोनावळ्याजवळच्या औंढ्याची व्हती, माजी सासू व्हती, आन तिला ईसाच्या म्होरं मोजता येत नव्हतं. ईस झालं की एक खडा बाजूला ठिवायची आन परत एकपासनं. लिवलंस? आन तरीबी तिनं पुण्याच्या भिंगवाल्या सायबाला भर कोर्टात गप बसवला. न्हाई, थांब. गप न्हाई बसवला. त्येला कदी न बगितलेलं काय तरी दावलं. त्ये लय येगळं.

मी तिला आत्याबाई म्हनायची. उंचीला माज्या खांद्याएवढी. नवरा लवकर गेलेला, एकच ल्योक, म्हंजी तुजा आजा. गावात आवणीच्या रांगंत पयली बाई आत्याबाई. ती गानं उचलायची, बाकीच्या मागनं. आता तुला आवणी सांगाया पायजे. एका वाफ्यात भाताची रोपं दाट उगवत्यात. ती उपटायची, मुठी बांदायच्या, आन चिखल केलेल्या खाचरात एकेक काडी रोवायची. ती बी एकट्यानं न्हाई. आमच्यात इर्जिक असायची. आज समदं गाव माज्या खाचरात, उद्या तुज्या. म्हंजी आपली आवणी दोन दिसांत सरली तरी आपून महिनाभर चिखलातच वाकलेलो. आन आमची माती मुरमाड. रोप उपटून उपटून बोटांची सालं निगायची. आषाढात हात बगितलास तर बोटांची टोकं नदीतल्या गोट्यावानी गुळगुळीत. तवा कुनी बाई गोधडीला बसायची न्हाई. सुई बोटात ठरायचीच न्हाई ना, निसटून जायची. गौरी आल्या की मंग गोधड्या निगायच्या. ही आमची रीतच व्हती. का म्हून, त्ये कुनी इचारलं नव्हतं.

तर वळवनच्या धरनात पानी अडवून दहा-बारा वर्सं झालती, तवाची गोष्ट. माज्या लग्नाला दुसरं वरीस. भर आषाढात, बुधवारी, आमी शेजारच्या नथूच्या खाचरात व्हतो. बांधावर पोलीस आलं. म्होरं वाहिद हवालदार, डोक्यावर पोतं घेतलेला.

"महिपती कोन?"

तुज्या आज्यानं चिखलातनंच हात वर केला. लोनावळ्यात मुंबईच्या एका शेटचा बंगला व्हता. शेट मे महिन्यात यायचा, पावसाळ्यात बंगला बंद. त्या बंगल्याच्या आरशाच्या कपाटातनं चांदीची ताटं आन अत्तरदानी गेली व्हती. राखनीला रखमाजी माळी. त्यो म्हनला, ऐतवारी सांजच्याला मी आरसा पुसला तवा समदं जागच्या जागी व्हतं, सोमवारी सकाळी न्हाई. आन कपाटात काय हाय ह्ये कुनाला ठावं? तर महिपतीला. कारन वैशाखात टेसनावरनं त्ये कपाट ताटांसकट बैलगाडीत घालून तुज्या आज्यानंच बंगल्यात चढवलं व्हतं.

चौकीत नेलं. दुसऱ्या दिशी सकाळी आत्याबाई आन मी भाकरी घिऊन गेलो. वाहिद हवालदार टेबलाशी बसून तुज्या आज्याची बोटं शाईत बुडवून कागदावर दाबत व्हता. एक कागद झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. समद्यावर नुसतं काळं डाग.

हवालदार वरडला, "आरं, बोटं हायती का उलथनं? नीट दाब की!"

तुजा आजा म्हनला, "दाबतुया की सायेब. अजून दाबली तर टेबल मोडंल."

मला हसू आलं. आत्याबाईनं चिमटा काडला.

मंग त्येला वडगावला नेऊन तुरुंगात घातला. आन लीला, मला तवा तिसरा महिना लागल्याला. तुजा बाप पोटात. गावात बाया पान्यावर म्हनायच्या, चोराचं प्वार. मी रडली तर आत्याबाई म्हनायची, "रडून त्यो सुटनार असंल तर मी बी बसती रडाया. सरक तिकडं." पर रडली न्हाई ती. निसतं काम करत ऱ्हायली.

दीड महिन्यानं वकील आलं, पाटलाच्या वळखीचं. म्हनलं, अवगड हाय. पुण्याहून बोटांच्या ठशांचा जानकार आलाय. त्येनं आरशाच्या वरच्या कोपऱ्यावरचा ठसा आन महिपतीच्या बोटाचा ठसा भिंगातनं जुळवला. तुरुंगात परत घेतलेला ठसा, ह्या येळंला स्वच्छ उठलेला. रेग ना रेग तीच. आन माळ्यानं आरसा ऐतवारी पुसल्याला, म्हंजी ठसा चोरीच्या रातचाच. आन हे सायब म्हनत्यात, दुनियेत दोन मानसांची बोटं सारकी नसत्यात.

"दोन बी न्हाईत?" आत्याबाईनं इचारलं.

"नाहीत. जुळ्या भावांची सुद्धा नाहीत."

ती बराच येळ आपली बोटं बगत बसली. म्हनली, "म्हंजी देवानं येवडी मानसं केली, आन दर एकाच्या दर बोटावर बसून येगळी रेग वडली? त्येला दुसरं काम न्हाई का काय?" वकील हसलं. ती हसली न्हाई. तिला खरंच नवल वाटलं व्हतं. मला बी. त्या दिशी मी माज्या पोटावर हात ठिवून इचार केला, ह्या आतल्याची बी बोटं आता वडत आसंल त्यो.

पर वकील जाताना म्हनलं, "ठसा खोटा म्हणता येत नाही. दोन-तीन वर्षं होतील बहुतेक."

गौरी बसल्या. आत्याबाईनं दुपारी वसरीत गोधडी काडली. माज्या बाळासाठीच, जुन्या लुगड्याची. चार टाकं घातलं आन थांबली. सुई उजेडात धरली. मंग बोट उजेडात धरलं. मंग माजा हात वडून माजी बोटं बगितली. आमच्या रेगा परत आल्या व्हत्या.

"सूनबाई, आषाढात ह्या कुटं व्हत्या ग?"

"कुटं असनार? झिजल्या व्हत्या."

"मंग महिपतीच्या?"

"त्येंच्या बी झिजल्या असतील की. तुमच्याच शेजारी तर..."

आन मी बी थांबली. हवालदाराच्या टेबलावरचं त्ये काळं डाग माज्या डोळ्यांम्होरं आलं. चोरी झाली सोमवारच्या आदल्या रात्री. ठसं घेतलं बिस्तरवारी. ज्याच्या बोटाला बिस्तरवारी शाई लावून, जोर करून रेग उठली न्हाई, त्येची त्याच आठवड्यात आरशावर कशी उठली?

ती सुई गोधडीत टोचून तशीच उठली. मी म्हनलं, चला, मी येती. "पोटात हाय ना तुज्या? बस गप." आन एकटी लोनावळ्याच्या चौकीत गेली. तिकडं काय झालं त्ये तिनं मला आल्यावर सांगितलं. वाहिद हवालदार बिडी वडत बसला व्हता.

"भाऊ, त्ये काळं कागद कुटं हायती?"

"कोनतं, मावशी?"

"ज्यावर माज्या ल्योकाची बोटं उठली न्हाईत."

हवालदार म्हनला, "बिघडलेलं म्हून शेरा मारून बांदल्यात. शाई वाईट, असं म्यां लिवलंय."

"शाई वाईट व्हती?"

आता बग लीला, त्येला 'व्हय' म्हनता आलं असतं. कोन इचारनार व्हतं? पर त्यो बिडी इजवून म्हनला, "न्हाई मावशी. त्याच सकाळी, त्याच शाईनं म्यां रेल्वेत पेट्या चोरनाऱ्याचं बी ठसं घेतलं. त्ये लखलखीत उठलं. मला वाटलं तुमचा ल्योक मुद्दाम बोट हलवतोय."

"कोर्टात सांगशील ह्ये?"

"वरचं सायेब मला फाडून खातील."

"खातील," आत्याबाई म्हनली. "सांगशील?"

त्यो उठून कागदाचं गठ्ठं लावाया लागला म्हनं, आन ती माघारी आली.

वडगावच्या कोर्टात त्या दिशी मी बी गेली. मागं भिताडाला टेकून हुबी. रखमाजी माळ्यानं परत तेच सांगितलं, ऐतवारी आरसा पुसला. भिंगवाल्या सायबानं मोठं फोटू दावलं. आत्याबाईनं आदीच समदं सांगितलं व्हतं, म्हून वकिलांनी हवालदाराला पुकारलं. मला वाटलं, ह्यो आता शाईवर ढकलनार. आत्याबाई त्येच्याकडं बगत बी नव्हती, खाली आपल्या पायांकडं बगत व्हती.

हवालदार ताठ हुबा ऱ्हायला. म्हनला, "शाई चांगली व्हती, हुजूर. शेरा म्यां चुकीचा लिवला." आन दोनी कागद काडून दिलं, पेट्याचोराचा आन तुज्या आज्याचा. एका सकाळचं, एका शाईचं. वकील म्हनलं, आवणीच्या कामानं ह्याच्या बोटांच्या रेगा झिजल्या व्हत्या.

भिंगवाला सायब उठून टेबलाजवळ आला. कागदावर भिंग धरलं. लय येळ. येवडा येळ की मॅजिस्ट्रेट सायबानं इचारलं, "काय आहे?"

"रेघाच नाहीत," त्यो म्हनला. "बोट हललेलं नाही. कडा अगदी साफ आहेत. मधे रेघाच नाहीत. कोण म्हणालं हे शेतातल्या कामानं होतं?"

वकिलांनी आत्याबाईकडं बोट केलं. तिला म्होरं बोलावलं. ती पदर सावरून म्हनली, "सायेब, त्यो ठसा माज्या ल्योकाचाच हाय. तुमचं खोटं न्हाई. पर त्यो वैशाखातला हाय, कपाट चढवलं तवाचा. वैशाखात बोटाला रेगा असत्यात. आषाढात आमच्या गावात कुनाला बी नसत्यात. एक मानूस दावा, मी घरी जाती."

भिंगवाला सायब तिच्याकडं असा बगत व्हता, जसा ल्हान पोरगा पयल्यांदा आगगाडी बगतो. मंग त्यो मॅजिस्ट्रेटाला म्हनला, "ठसा याचाच, हे मी शपथेवर सांगितलं. तो कधीचा, हे मला सांगता येत नाही. मला वाटतं, यांना येतं."

मॅजिस्ट्रेट सायब वळलं रखमाजीकडं. "आरसा ऐतवारी पुसलास?"

"व्हय... म्हंजी, जी..."

"शेवटचा कधी पुसलास?"

रखमाजीनं हात जोडलं आन खरं बोलला. शेट गेल्यावर त्येनं त्या खोलीचं दार बी उगडलं नव्हतं. पडवीत झोपायचा. चोरी कवा झाली त्ये त्येला बी ठावं नव्हतं. काम जाईल म्हून ऐतवार सांगितला व्हता. वैशाखापासनं कवा बी, कुनी बी त्ये कपाट उगडलं असंल. खरा चोर कदीच घावला न्हाई.

तुजा आजा सुटला. बाहीर आला तर पयलं काय बोलला ठावं? "आई, खाचरात पानी हाय का?" म्हनली, "हाय. चल."

आन ऐक, अजून हाय. म्होरल्या आषाढात त्यो भिंगवाला सायब औंढ्यात आला. सोता. गुडगाभर चिखलात, हातात शाईची डबी, वर छत्री. बांधावर बसून त्येनं दहा-बारा बायांची बोटं कागदावर घेतली. आत्याबाईची, माजी. समदी कोरी. कागद बगून त्यो नुसता मान हलवत व्हता. आमी हसून हसून बेजार. मंग गौरीत परत आला. परत बोटं घेतली. आत्याबाईचा अंगठा त्येनं वैशाखातल्या एका जुन्या कागदाशी लावला, तगाईच्या म्हंजी सरकारी कर्जाच्या का कसल्या तरी कागदावरच्या तिच्याच अंगठ्याशी. आन तिला भिंग दिलं.

"बघा आजी. तीच रेघ. जिथं होती तिथंच."

ती भिंगातनं बगत ऱ्हायली. "सालं गेली, माती गेली, तरी तीच आली? कोन सांगतं तिला कुटं यायचं त्ये?"

सायब म्हनला, "ते मलाही माहीत नाही."

तिच्या डोळ्यात पानी आलं. ल्योक तुरुंगात गेला तवा नव्हतं आलं. त्यानंतर ती मरेपातुर गौरीच्या दिशी आपली बोटं उजेडात धरून बगायची. मी बी बगती. ह्या बग.

आता हितं थांब, हात दुखला असंल तुजा. पर एक काम कर. वाहिद हवालदाराला त्या साक्षीवरनं वरच्यांनी लय बोल लावलं म्हनं, आन त्येनं घरात कुनाला सांगितलं न्हाई कदी. त्येची नात मेहरुन लोनावळ्यात टेसनाच्या म्होरं ऱ्हाती, शिवनकाम करती. ह्या कागदाची एक नक्कल काड आन तिला निऊन दे. वाचता येत नसंल तर बसून वाचून दाव. म्हनावं, तुज्या आज्यानं त्या दिशी 'शाई चांगली व्हती' म्हनलं, म्हून आमच्या घरात आज मानसं हायती.