घोंगडीवर बसलं की काही होत नाही

"ताई, तुमीच सांगा, ती वॉरंटी वाढवून घ्यावी का न्हाई?"

आबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या सुनेचा लॅपटॉप माझ्यासमोर उघडा पडला होता आणि मी त्यात नवा मदरबोर्ड बसवत होते. मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य पाटी. ती जळाली की लॅपटॉप संपला. वर्षभरात या लॅपटॉपच्या दोन पाट्या जळाल्या होत्या. पहिली आमच्या नारायणगावच्या काउंटरवर बदलली. दुसऱ्या वेळी कंपनीने मला घरीच पाठवलं.

मी एका लॅपटॉप कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके माझ्या स्कूटीखाली. मंचरला आमचं चार पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे. "मारवाड्याची पोरगी गादीवर बसायचं सोडून स्क्रूड्रायव्हर घेऊन हिंडते," हे ऐकून माझे कान किटलेत. असो.

हे घर बोरी बुद्रुकच्या अलीकडे, मळ्यात. आबा, त्यांची बायको म्हणजे मावशी, आणि सून सारिका. मागच्या अंगाला मेंढरांचा वाडा. सारिका घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. ग्राहक लिहून तक्रारी विचारतात, ही लिहून उत्तरं देते. लॅपटॉप बंद म्हणजे तिची नोकरी बंद.

निघताना साहेबांनी फोनवर बजावलं होतं. "मॅडम, पुढच्या आठवड्यात त्यांची वॉरंटी संपतेय. कस्टमर घाबरलेला आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला याहून चांगला मुहूर्त नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. पहिलं वर्ष कंपनी फुकट दुरुस्ती करते. पुढच्या वर्षांसाठी आधीच पैसे भरून ठेवायचे, त्याला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. लॅपटॉप शहाण्यासारखा चालत असेल तर मी लोकांना "राहू द्या" म्हणते. वर्षात दोन बोर्ड गेले असतील तर "डोळे झाकून घ्या" म्हणते. आबांनाही तेच सांगणार होते. "बोर्ड बसवते आणि सांगते," एवढंच म्हटलं.

सारिकाने मला बसायला घोंगडी अंथरली होती. पण आमचे स्क्रू तिळाएवढे. लोकरीत गेले की सापडत नाहीत. म्हणून मी घोंगडी बाजूला सारली आणि खाली कोब्यावर बसले. चपला अर्थातच दाराबाहेर. बोर्ड बसवला, चार्जर लावला आणि झाकण मिटायला पत्र्याच्या बॉडीला हात लावला.

खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी ओरडलेच.

"मॅडम, घोंगडीवर बसा ना," सारिका अगदी सहज म्हणाली. "घोंगडीवर बसलं की काही होत नाही."

"काही होत नाही म्हणजे? हे रोज होतं?"

"हो, पण आम्ही घोंगडीवरच बसतो. नाहीतर स्लिपर घालतो."

शिकलेली मुलगी, बी.एस्सी. झालेली. बॅगेतला टेस्टर काढून लॅपटॉपला टेकवला. दिवा लागला. लॅपटॉपचा पत्रा घरातल्या वायरसारखा जिवंत होता.

"आबा, तुमच्या घरचं अर्थिंग कुठंय?"

"या की, दावतो," आबा कौतुकाने उठले.

वाड्याच्या कुडाला लागून एक लोखंडी सळई जमिनीत ठोकलेली. भोवती ओला खड्डा. आणि तिच्यावरून घरात गेलेल्या एक सोडून दोन तारा.

थोडं समजावून सांगते. वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. अर्थिंगचं काम वेगळं. कुठे करंट गळला तर तो जमिनीत घालवायचा, बाकी गप्प बसायचं. आबांची परतीची तार पावसाळ्यात वाऱ्याने तुटली होती. त्यांनी तक्रार केलीच नाही. शेजाऱ्याने परतीची म्हणून दुसरी तार याच अर्थिंगच्या सळईला जोडून दिली. अख्ख्या घराचा करंट त्या एका सळईतून जमिनीत जात होता, आणि जमीन जेवढा घेत नव्हती तेवढा अर्थिंगच्या तारेतून उलटा लॅपटॉपच्या अंगावर येत होता.

"उन्हाळ्यात बल्ब लई बारीक व्हतो," आबा सांगत होते. "मग बादलीभर पानी आन् मूठभर खडेमीठ वतायचं. असा लख्ख पडतो म्हनता!"

"इथं कधी काही झालं नाही?"

"न्हाई ओ. दोन कोकरं तेवढी हितंच आडवी झाली. अंगावर जखम न्हाई, काय न्हाई. पान लागलं आसंल म्हनून पुरली."

साप नव्हता तो.

"पाणी कोण ओततं?"

"ही की. रोज सकाळी." आबांनी दाराकडे बोट केलं. मावशी तिथे उभ्या होत्या. अनवाणी.

मी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला. सारिका मागोमाग आली. "मॅडम, आत्ता माझी शिफ्ट आहे!"

"बुडू दे!" मी खेकसले. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"झालं का? वॉरंटीचं काय?"

"नको म्हणून मीच सांगणार आहे."

"अहो, टार्गेट..."

"सर, इथं जमिनीत करंट उतरलाय. माणसं जगली तर लॅपटॉप वापरतील ना?"

साहेबांनी टार्गेटचा विषय सोडला. मग म्हणाले, "तुमच्या पायात काय आहे?"

मी खाली पाहिलं. मीसुद्धा चपला न घालताच त्या खड्ड्यापाशी जाऊन आले होते. फोन कानाला तसाच धरून आधी चपला घातल्या.

दुपारी लाइनमन आला. बघून त्याने कपाळावर हात मारला. "आबा, आवं एक फोन करायचा व्हता!" त्याने खांबावरून न्यूट्रल ओढून दिला. गावच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंग वेगळं केलं आणि करंट गळला की घर आपोआप बंद करणारा स्विच बसवला. वॉरंटीसाठी ठेवलेले पैसे आबांनी त्यालाच दिले. मेन स्विच चालू केला. लॅपटॉपला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. सारिका शिफ्टला बसली.

एकच वस्तू पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर वॉरंटी नंतर वाढवा, आधी ती कशाला जोडलीय ते बघा. त्या दिवसापासून मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. साहेबांना आवडत नाही.

स्कूटी चालू केली तेवढ्यात मावशी जवळ आल्या. दिवसभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. हातात गोळ्यांचं पाकीट होतं.

"ताई, रोज सकाळी पायाला मुंग्या यायच्या. वाटलं, वयामुळं आसंल. डाक्टरकडून ह्या आनल्या व्हत्या. आता ह्या खायच्या का नगं?"

मी गाडी बंद केली. "डॉक्टरांना विचारा मावशी, पण आजची सगळी हकिकत सांगून विचारा," एवढंच म्हटलं. लॅपटॉपला वॉरंटी होती, म्हणून घरी येऊन बघायला माणूस आला. या बाईला गोळ्या मिळाल्या.