अर्ध्यावर उचललेली केबिन

गॅरेजमध्ये सगळे त्याला तोफ म्हणत. नाव त्याने कमावलेलं होतं. तोंडाआधी हात सुटायचा. कुणी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेला की पाठीत धपाटा. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ सैल बाही दिसली की बाही टराटरा फाडलेली. "हात जाण्यापेक्षा सदरा गेलेला बरा!" असं वर ऐकवायचा. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही माणसं वाचवताय की बडवताय, तेच कळत नाही."

तिचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली मार खात खात मिस्त्री झाला होता.

एकदा एका ट्रकमालकाने तोफेला गळ घातली. अवजड ट्रकच्या धुरातलं विष मारायला त्या धुरावर युरिया फवारला जातो. मालकाला ती कटकट नको होती. "एक नकली डबी बसव. इंजिनाला वाटेल युरिया चाललाय." तोफेने त्याची गचांडी धरली आणि फाटकाबाहेर भिरकावून दिलं.

मालक उठला, कपडे झटकले आणि मेहुण्याला गाठलं.

पावसाळा संपता संपता तोच ट्रक बंद पडून ओढत आला. मेहुण्याने पंप मारत केबिन इंजिनावरून उचलायला घेतली. ती अर्ध्यावर आली तोच तोफ खाली वाकला. वायरींच्या जुडग्यात चिकटपट्टीने गुंडाळलेली डबी होती. गुंडाळण्याची पद्धत त्यानेच मेहुण्याला शिकवलेली.

"ही कुणी बसवली?"

"सांगतो, भावजी. आधी केबिनला टेकूचा गज लावू द्या."

बोलणं पुरं व्हायच्या आत थोबाडीत बसली. दुसरी बसली. तिसरीला मेहुण्याने पंपाचा दांडा त्याच्या बरगड्यांवर हाणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने हात उगारला होता. तोफ कळवळला, मग बैलासारखा धावून गेला आणि त्याला चाकावर आदळलं. तोल सावरायला मेहुण्याने केबिनखालच्या चासीवर हात टेकला. त्याच झटापटीत तोफेची लाथ पंपाचा दाब सोडणाऱ्या खटक्याला लागली.

केबिन धाडकन खाली आली.

किंकाळी ऐकून शेजारचा पंक्चरवाला धावत आला, तोवर तोफ पिसाटल्यासारखा पंप मारत होता. केबिन वर गेली. कोपराखाली हात असा उरलाच नव्हता. तोफेने कमरेचा पट्टा काढला, दंडाला आवळला, दातांनी ओढून घट्ट केला. तोंडात रक्ताची चव आली.

दवाखान्यात गुंगीतून जाग आल्यावर मेहुणा बहिणीला म्हणाला, "माझीच चूक, ताई. गज लावायचा राहिला."

तोफ भिंतीला टेकून उभा होता. गप्प राहिला असता तर तिथेच मिटलं असतं.

"खोटं बोलतोय," तो म्हणाला. "तो लावत होता. मी लावू दिला नाही."

बायको उठली. मुठीत घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता, तशीच मूठ तिने त्याच्या तोंडावर मारली. भुवई फाटली. नर्स मध्ये पडली.

"मी पाठवला होता त्याला तुमच्याकडे शिकायला," ती ओरडली. "मी!"

गॅरेजमध्ये परत येऊन तोफेने डबी उपटली, वायरी जोडल्या, युरियाची टाकी साफ करून भरली आणि इंजिन तपासून घेतलं. मालक भांडायला आला तेव्हा त्याचे दोन दात पडले. त्याने तोफेला बरं वाटलं नाही. धूर तपासणीच्या कचेरीत तो स्वतःच जाऊन सगळं सांगून आला. गॅरेजला टाळं लागलं. मालकाचे दात पाडले म्हणून पोलिसांनी कोठडीत टाकलं, तिथेही त्याने मार खाल्ला.

गॅरेज पुन्हा उघडलं तेव्हा मेहुणा आपली हत्यारं न्यायला आला. उजवी बाही कोपराशी टाचलेली. पेटी उचलताना ती एका बाजूला कलली.

"ठेव, मी देतो गाडीपर्यंत," तोफ म्हणाला, आणि पेटी घ्यायला त्याने हात पुढे केला.

मेहुण्याने पेटी टाकली आणि डावा हात झटकन तोंडासमोर धरला.

पेटीतले पाने जमिनीवर खणखणत पसरले. तोफ खाली बसला आणि एकेक वेचू लागला.