शेवटची अकरा पानं

जळगावच्या पिंप्राळ्यात दिपमालाबाईंचं घर विचारलं तर लोक आधी त्यांच्या आवाजाची गोष्ट सांगतात आणि मग गल्ली दाखवतात. बाईंनी तेवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. जळगाव-जामनेर गाडीत मागच्या सीटवर घोरणाऱ्या उतारूला त्या दारातूनच ‘नेरी आलं, उतरा’ असं सांगायच्या, तर रस्त्याकडेच्या शेतात कापूस वेचणारी बाईसुद्धा दचकून वर बघायची. बिनतिकिटाचा माणूस त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही, मग तो पुढाऱ्याचा भाचा असो नाहीतर डेपोतल्या साहेबाचा मेहुणा.

अशा बाईला वाचायला काय आवडावं? तर हलक्याफुलक्या प्रेमकथा. जामनेरला गाडी तासभर थांबली की ड्रायव्हर चहाला जायचा आणि या रिकाम्या गाडीत पहिल्या सीटवर बसून पुस्तक उघडायच्या. पुस्तकं रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली. कुणी नाक मुरडलं तर बाई म्हणायच्या, “दिवसभर लोकांची भांडणं ऐकते मी. दोन माणसं गोड बोलतात ते कुठंतरी वाचू द्या की.”

गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. नवीन राहायला आल्या त्या वर्षी नाताळला त्यांनी रजा काढून हौसेनं डबे भरून फराळ केला, गच्चीवर कागदी चांदणी लावली आणि शेजारणींना करंज्या करायला बोलावलं. बाया आल्या. हात चालू असताना तोंडाला काहीतरी हवं म्हणून दिपमालाबाईंनी एक प्रेमकथा मोठ्यानं वाचायला घेतली. बाया अशा रंगल्या की रोज दुपारी यायला लागल्या. चोवीस तारखेला पुस्तक संपलं. पंचवीस तारखेला बाई चर्चमधून आल्या, ताटं मांडली, नवी साडी नेसून बसल्या. संध्याकाळ झाली तरी कुणी फिरकलं नाही. वाईटपणा काही नव्हता. लोकांना वाटलं, त्यांच्या सणाला त्यांचे पाहुणे असतील, आपण कशाला मध्ये. बाईंनी ताटातल्या करंज्या परत डब्यात भरल्या. त्या दिवशी त्यांना फार लागलं होतं.

पुढच्या वर्षीपासून त्यांनी नियम केला. दरवर्षी आठवड्याची रजा काढायची, वाचन अठरा डिसेंबरला सुरू होणार, रोज दुपारी दोन ते पाच, आणि शेवटचं प्रकरण पंचवीस तारखेला, चर्चमधून आल्यावर. आधी नाही. नायक-नायिकेचं लग्न होतं की मोडतं हे ऐकायला झाडून सगळी गल्ली नाताळच्या दिवशी त्यांच्या घरी हजर व्हायची. वीस वर्षं हे चाललं आणि नियमामागची खरी गोष्ट बाईंनी कुणाला कळू दिली नाही. यजमान समाधानभाऊंनाही त्यांनी ‘शिस्त पाहिजे’ एवढंच सांगितलं होतं. समाधानभाऊ बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसत. दुपारभर पान उलटत नसे, कारण कान आत असत.

वाचनाचीही एसटीच होती. स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजला की गाडी सुटली. एकदा वाजला की थांबा. बाई स्वतःसुद्धा पुढचं पान आधी वाचत नसत. “उतारू खाली असताना गाडी पुढं नेत नाही मी,” असं म्हणायच्या.

पहिल्या पाटावर बसण्याचा मान भंवरीबाईंचा. समोरच्या घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, मारवाडी जैन. यजमान मोहनलाल यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. भंवरीबाईंना मराठी वाचता येत नसे, पण लाटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची पारी हातावर घेतली तर तळव्यावरच्या रेषा दिसायच्या. पहिल्याच वर्षी त्या घरून पितळी कढई घेऊन आल्या होत्या आणि दारातच म्हणाल्या होत्या, “दीपा, ही तुझ्याकडंच राहू दे. हिच्यात अंडं-मटण कधी गेलं, तर त्या दिवसापासून मी येणार नाही.” ती कढई वर्षभर जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर असायची आणि फक्त डिसेंबरात खाली उतरायची. भंवरीबाई सूर्य मावळल्यावर खात नसत, म्हणून वाचन दुपारचं. उकळून गार केलेलं पाणी त्या घरून आणत. एकमेकींचं सगळं सांभाळून दोघींनी एका पाटावर एकवीस वर्षं काढली. शेजार असावा तर असा, हे मी उगाच म्हणत नाही.

गेल्या वर्षी मोहनलाल गेले. मुलगा अर्पित सुरतेला असतो. त्यानं आईला तिकडं न्यायचं ठरवलं. घराला कुलूप लागणार आणि गाडी चोवीस डिसेंबरची, दुपारची.

हे कळलं तेव्हा वाचन ऐन भरात आलं होतं. डोंगरातल्या गावात बेकरी चालवणारी एक फटकळ मुलगी आणि तिच्या दारात जीप बंद पडली म्हणून अडकलेला जनावरांचा डॉक्टर, असं ते पुस्तक. दोघं एकमेकांवर जीव टाकतात, पण कबूल करायला एकही तयार नाही. धुळ्याकडच्या सुमनबाई तर रोज उठताना विचारायच्या, “त्या पोऱ्यानं लगीन व्हई का नही, तेवढं सांगी दे ना माय!”

“पंचवीसला,” दिपमालाबाई म्हणायच्या.

भंवरीबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. तेवीस तारखेला शेवटची पारी लाटून त्यांनी लाटणं पुसलं, पाटावर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्या दिवसभर दिपमालाबाईंच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. नियम मोडावा तर इतर बायाही म्हणणार, आम्हालाही आजच वाचून दाखवा. मग परवा कोण येणार? परत ती भरलेली ताटं, परत ती रिकामी संध्याकाळ. आणि नियम पाळावा, तर एकवीस वर्षं पहिल्या पाटावर बसलेली बाई गोष्ट अर्धी सोडून कायमची जाणार. तिकीट पूर्ण घेतलेल्या उतारूला मध्येच उतरवल्यासारखं झालं असतं ते, आणि तसं बाईंनी नोकरीत कधी केलं नव्हतं. भाजीला फोडणी देतानाच त्यांनी ठरवलं. ताटं रिकामी राहिली तर राहोत.

चोवीसला पुस्तक पिशवीत घालून त्या स्टेशनावर पोचल्या. अर्पित सामानाशी होता, भंवरीबाई बाकावर. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. दिपमालाबाई शेजारी बसल्या, पुस्तक काढलं. खूण म्हणून ठेवलेलं जुनं एसटीचं तिकीट बाजूला केलं.

“भाभी, अकरा पानं आहेत. होतील.”

“आणि नियम?”

“राहू द्या नियम.” पेला नव्हता, म्हणून बाईंनी बाकाच्या लोखंडी दांड्यावर किल्लीनं दोनदा टकटक केलं आणि त्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. हमाल थांबला, बाजूच्या बाकावरचं एक कुटुंब शेंगा सोलायचं विसरलं. पहिलं वाक्य पुरं होतंय तोच भंवरीबाईंनी पानावर हात ठेवला.

“थांब, दीपा. नको वाचू.”

“अहो, गाडी येईल!”

“येऊ दे. तू पहिल्या वर्षी ताटातल्या करंज्या डब्यात भरत होतीस ना, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं होतं. चार पावलं टाकून यायला पाहिजे होतं मी. नाही आले. आजवर लाज वाटते मला त्याची.” भंवरीबाईंनी पदरानं चष्मा पुसला. “दुसऱ्या वर्षी तू शेवट राखून ठेवलास, तेव्हाच समजले मी. शेवट राहिला की माणूस येतं. आता माझ्यासाठी राखून ठेव. मी पुढच्या नाताळला येईन. सगळं ऐकून गेले तर अर्पित म्हणेल, कशाला जातेस एवढ्या लांब? आणि मलाही उत्तर सुचायचं नाही.”

तेवीस वर्षं आवाजाच्या जोरावर एसटी हाकलेल्या दिपमालाबाई सगळ्या फलाटासमोर रडल्या. गाडी आली, दोन मिनिटं थांबली, गेली. एरवी गाडी त्यांच्या घंटीनं सुटायची. ही आपली आपणच सुटली.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की शेवट उद्या वाचला जाणार नाही, भंवरीबाई येतील तेव्हा वाचू. पुढच्या वर्षी. सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. बाकीच्या आपापल्या घरी गेल्या.

पंचवीसला चर्चमधून आल्यावर बाईंनी ताटं मांडली ती चारच. जास्त मांडून नंतर उचलायची त्यांना भीती वाटत होती. साडेतीन वाजले, पावणेचार झाले. समाधानभाऊंनी पेपर घडी करून ठेवला आणि बायकोकडे न बघता म्हणाले, “मी खातो ना करंज्या.”

चार वाजता फाटक वाजलं. सुमनबाई पुढे होत्या, मागे अख्खी गल्ली.

“आज वाचन नाही, सांगितलं होतं मी,” दिपमालाबाई म्हणाल्या.

“वाचानं नही तं नही,” सुमनबाई चपला काढत म्हणाल्या. “करंज्या तं शेतस ना? सण तुना शे, मंग आम्ही कोठे जाऊत?”

ताटं कमी पडली. शेवटी डब्याच्या झाकणांवर फराळ वाढावा लागला. पहिला पाट मात्र कुणी न सांगता सगळ्यांनी रिकामा ठेवला होता.

त्या रात्री दिपमालाबाईंनी पितळी कढई घासली, कोरडी केली, तिच्यात ते पुस्तक ठेवलं आणि दोन्ही जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर चढवलं. शेवट त्यांनी अजून वाचलेला नाही. ऑक्टोबरात सुरतेहून फोन आला. नात रिद्धीनं आजीचं सतरा डिसेंबरचं तिकीट काढलं होतं. मागून अर्पितचा आवाज येत होता, अकरा पानांसाठी एवढा प्रवास कोण करतं म्हणून.

“भाभी, परतीचं कधीचं काढलंत?” दिपमालाबाईंनी विचारलं.

“काढलंच नाही,” भंवरीबाई म्हणाल्या. “तू अकरा पानं किती दिवसांत वाचतेस ते बघून ठरवू.”